गरम, तरी ओली दुपटी

आंबोलीच्या धुक्यात दोरीवरचा रुमालसुद्धा कित्येक दिवस ओला राहतो. म्हणून कृत्तिकाच्या घरी ड्रायर होता, म्हणजे गरम हवेने कपडे वाळवणारं यंत्र. आईला बाळ झाल्यापासून तो दिवसभर घुमत असे. दुपटी, लंगोट, झबली, पुन्हा दुपटी. पण हल्ली काहीतरी विचित्र होत होतं. एका फेरीत कडक वाळणारी दुपटी आता दोन फेऱ्यांनंतरही दमट निघत, आणि हात लावावा तर चटका बसे. इतकी गरम, तरी ओली कशी?

आईच्या मते दोष तात्यांचा होता. तात्या म्हणजे घरातला यंत्रमानव. ते चालता ड्रायर मध्येच बंद करत.

“तात्या, पुन्हा बंद केलात?” रडणाऱ्या बाळाला थोपटत आईने विचारलं.

“यंत्राची पाठ फार तापली होती, ताई.”

“ड्रायर तापणार नाही तर काय बर्फ पाडणार?”

“कारण मला सांगता येत नाही. ताप मात्र कळतो.”

आईने कंपनीला फोन लावला. उद्या त्यांची गाडी तात्यांना न्यायला येणार होती. तिथे यंत्रमानवांची स्मृती पुसून टाकतात, हे कृत्तिकाला माहीत होतं. मग परत येणाऱ्या तात्यांना तिचं नावही आठवणार नव्हतं.

ती ड्रायरपाशी फतकल मारून बसली. “तात्या, आत काय होतं ते पहिल्यापासून सांगा ना.”

“गरम हवा कपड्यांतून फिरते. त्यांतल्या पाण्याचं बाष्पीभवन होतं (पाणी वाफ होऊन हवेत मिसळतं). ती ओली हवा मागच्या नळीतून घराबाहेर जाते.”

“आणि गेलीच नाही तर?”

“तर काय होईल?” उलट प्रश्न विचारायची तात्यांना खोडच होती.

कृत्तिकाने डोळे मिटले. डोक्यावरून गोधडी ओढून बसलं की आत उकडतं, आणि श्वासाने सगळं दमटही होतं. ती एकदम उठली. “तात्या, ड्रायरने गोधडी पांघरलीय. चला, नळीचं तोंड बघू.”

दोघं घरामागे गेली. भिंतीतून बाहेर आलेल्या नळीच्या तोंडावर मच्छरदाणीचा तुकडा सुतळीने घट्ट बांधला होता. त्याच्या आतून राखाडी, मऊ थर गच्च बसला होता. कृत्तिकाने सुतळी सोडली, तर मूठभर कापसासारखं काहीतरी हातात आलं.

“जाळी मी बांधली,” मागून आई म्हणाली. बाळ तिच्या खांद्यावर झोपलं होतं. “नळीतून बेडूक आत आला होता. उद्या साप आला तर, म्हणून.”

“ही लव आहे,” तात्या म्हणाले. “घासून घासून कपड्यांतून सुटलेले बारीक धागे. बरीचशी लव यंत्रातली चाळणी धरते. उरलेली नळीतून बाहेर पडते. जाळीने ती अडवली, हवाही अडवली.”

आईने ती लव बोटांत चुरली. तिचा चेहरा उतरला. “पीळ दिलेली वात सावकाश जळते, पण पिंजलेला कापूस भसकन पेटतो. तसंच ना?”

“तसंच. सुट्या धाग्यांना चहूबाजूंनी हवा मिळते. शिवाय प्रत्येक वस्तूचा एक ज्वलनांक असतो (ज्या तापमानाला ती पेट घेते). नळी तुंबली की यंत्र तापतच जातं आणि लव त्या ज्वलनांकाकडे सरकते.”

आईने भिंतीवर हात ठेवला. “पलीकडे पाळणा आहे,” ती हलकेच म्हणाली.

“बेडकाचं तुमचं बरोबर होतं, ताई. उपाय तेवढा चुकला.”

त्यांनी ड्रायरची वीज बंद केली, नळी काढली आणि लांब दांड्याच्या ब्रशाने टोकापर्यंत साफ केली. चाळणी दर फेरीनंतर झाडायची, नळी दर काही महिन्यांनी साफ करायची, आणि कपडे वाळायला जास्त वेळ लागू लागला की लगेच, असं ठरलं. दुपारची दुपटी एकाच फेरीत कडक वाळली.

आईने फोन उचलला. “गाडी पाठवू नका. नाही, दुरुस्त नाही केलं. आमचे तात्या बिघडलेच नव्हते.”

कृत्तिका धुकटलेल्या काचेवर बोटाने काहीतरी काढत होती. “ही झडप. आतून हवा आली की उघडेल, थांबली की मिटेल. बेडूक बाहेरच.”

“आणि तिच्यावर लव साचली तर?” तात्यांनी विचारलं.

तिचं बोट थांबलं. मग तिने झडपेशेजारी एक छोटा ठिपका काढला. “मग ती नीट उघडणार नाही. ते या ठिपक्याला कळेल, आणि तो तुम्हाला सांगेल.”

“मलाच का?”

“तुम्हीच असणार ना इथे.”