जाळी पाडणारा हात

"जाळीकडे बघू नकोस, पोरी. हाताकडे बघ."

मिस नेटीनं हे सांगितलं तेव्हा ऑड्रानं नुसती मान डोलावली आणि पुढच्याच क्षणी विसरूनही गेली. मिस नेटी म्हणजे हॉलिफिल्ड टीमच्या ट्रकशेजारी तंबू टाकून सगळ्यांना जेवायला घालणारी म्हातारी. तिचा नवरा ड्यूई एके काळी याच टीमची गाडी शर्यतीत चालवायचा. एकदा भिंतीवर आदळला, 'मी बरा आहे' हे सांगायला खिडकीची जाळी पाडली, प्रेक्षकांना हात केला, घरी आला... आणि मरेपर्यंत बायकोला तिच्या बहिणीच्या नावानं हाक मारत राहिला.

पण ऑड्रा इंजिनिअरिंग शिकलेली. तिला वाटलं, गेले ते दिवस. आता सीट वेगळी, हेल्मेट वेगळं, पट्टे वेगळे. आणि गाडीत ती सीट, ते पट्टे, ती जाळी बसवणं हेच तर तिचं काम. स्वतःच्या हातानं बसवलेल्या गोष्टीवर माणसाचा जरा जास्तच विश्वास असतो.

ग्रेडीशी तिची गाठ पडली, तीही या जाळीपायीच.

त्या दिवशी मुलगी सांभाळणारी बाई आयत्या वेळी आली नाही, म्हणून ऑड्रा चार वर्षांच्या ज्युनीला मूर्सव्हिलच्या वर्कशॉपमध्येच घेऊन आली. एक पाना आणायला वळली, तेवढ्यात ज्युनी गायब!  ऑड्रानं टायरांच्या ढिगामागे पाहिलं, ट्रकखाली वाकून पाहिलं, फाटकापर्यंत धावून आली... आणि मग तिला तो आवाज ऐकू आला.

"मॅम, आपण या गाडीच्या नव्या ड्रायव्हर का?"

एक उंच तरुण शर्यतीच्या गाडीच्या खिडकीशी वाकून अगदी अदबीनं विचारत होता. या गाड्यांना उघडणारी दारं नसतात. आत जायचं ते खिडकीतूनच.

"हो," आतून उत्तर आलं.

"बऱ्या आहात ना?"

"हो."

"मग जाळी खाली टाका. जाळी पडली नाही तर लोकांना वाटतं ड्रायव्हरला लागलंय, आणि अँब्युलन्स येते. तो खटका ओढा... अस्सं! शाब्बास!"

जाळी खाली आली. मागे ज्युनीचे फुगलेले गाल, आणि मांडीवर उकडलेल्या शेंगांची पिशवी.

अख्खं वर्कशॉप हातातलं काम टाकून गाडीभोवती जमलं. गाडीत शेंगांची टरफलं म्हणजे या लोकांच्या लेखी सगळ्यात मोठा अपशकुन. टीमचा प्रमुख बर्ल तर आत साप निघाल्यासारखा धावत आला. "शेंगा! माझ्या गाडीत शेंगा!" त्यानं सीट बाहेर काढायला लावली, कानाकोपरा झाडून घेतला, आणि स्वतः बॅटरी घेऊन टरफलं शोधत बसला.

ऑड्रा शरमेनं लाल झाली होती. तो तरुण मात्र तिच्याकडे बघून हसत होता.

"मी ग्रेडी. या गाडीचा नवा ड्रायव्हर. म्हणजे... सकाळपर्यंत होतो. आता या मॅम आहेत."

"ती माझी मुलगी आहे."

"ते कळलंच. राग आला की दोघींचं नाक सारखंच फुगतं."

"मी रागावलेली नाही."

"नाकाला सांग तसं."

मग दर आठवड्याला ग्रेडीची सीट बिघडू लागली.

"डाव्या खांद्याला जरा बोचतंय."

"मागच्या वेळी उजवा होता."

"तो तुझा हात लागून बरा झाला. आता डाव्याला हेवा वाटतोय."

"ग्रेडी, सीट अगदी बरोबर आहे. तूच वाकडा बसतोस."

"मग मला सरळ करायला किती दिवस लागतील?" तो निष्पाप चेहऱ्यानं विचारायचा – आणि ऑड्रा पट्टा नको तेवढा आवळायची.

एका शनिवारी ट्रॅकवर भुरभुर सुरू झाली. ओल्या ट्रॅकवर या गाड्या धावत नाहीत. ताडपत्रीखाली गाड्या झाकलेल्या, ट्रॅक वाळवणारे ट्रक घरघरत फेऱ्या मारतायत, आणि मिस नेटीच्या तंबूच्या कडेवरून पाण्याची झालर लागलेली. ग्रेडीनं आपल्या गोड चहाचा ग्लास तिच्या ग्लासला हळूच टेकवला.

"तुला भीती नाही वाटत?" तिनं विचारलं.

"तुझी? थोडी वाटते."

"मी सरळ विचारतेय."

त्यानं ग्लास खाली ठेवला. "आदळलो ना... तर जाळी तुझ्यासाठी पाडीन. बाकीच्यांनी आपलं फुकटात बघून घ्यावं."

 ऑड्राच्या हातातल्या सँडविचमधलं चीज खाली ओघळलं, ते तिला कळलंही नाही. मागून मिस नेटी फुसकन हसली. "ड्यूईसुद्धा डिट्टो हेच म्हणायचा."

ते दोघंही हसले. हसण्यासारखं त्यात काय होतं, देव जाणे.

ग्रेडीनं एक जुनी जाळी ज्युनीला आणून दिली. ऑड्रानं ती तिच्या पलंगाला टांगली. मग रोज सकाळी खटका वाजायचा, जाळी पडायची – मी उठले, मी बरी आहे. स्वयंपाकघरात तो आवाज ऐकला की ऑड्रा निर्धास्त व्हायची. एकदा असाच आवाज आला. तिनं पॅनकेक केले, हाका मारल्या. ज्युनी आलीच नाही. जाऊन पाहते तर पोर तापानं फणफणलेली, ओठ सुकलेले.

"अगं, मग जाळी का पाडलीस?"

"नाहीतर तू काळजी करतेस ना, मम्मा."

ऑड्रानं तिला छातीशी धरलं. त्या सकाळी काहीतरी समजलं होतं तिला... पण ताप उतरला, आणि तेही मागे पडलं.

हंगामातली शेवटची शर्यत आली. ग्रेडीनं गाडी शेवटच्या झेंड्यापर्यंत नेली की पुढच्या वर्षीची त्याची जागा पक्की, नाहीतर ती मालकाच्या भाच्याला जाणार. भाच्याला गाडी वळवता येत नव्हती. मामा मात्र होता.

चौथ्या वळणावर मागच्या गाडीनं धक्का दिला. ग्रेडीची गाडी गर्रकन फिरली आणि कडेनं जाऊन भिंतीवर आदळली. धूर... नुसता धूर. ऑड्रानं हेडफोन कानांशी दाबून धरला. आणि मग त्या धुरात खिडकीची जाळी खाली आली.

प्रेक्षकांनी आरोळी ठोकली. बर्लनं हवेत मूठ उडवली. "जाळी खाली! पोरगा ठणठणीत! ग्रेडी, आण गाडी आत!"

गाडी स्वतःच्या चाकांवर परत आली, म्हणजे डॉक्टरकडे जायची सक्ती नाही. काय नियम आहे बघा! गाडी चालली म्हणजे माणूसही चालतो! ती आत येताच माणसं तुटून पडली. कुणी टायर बघतोय, कुणी पत्रा ठोकतोय, कुणी चिकटपट्टी लावतोय. गाडीच्या बोटभर ओरखड्यालाही हात लावायला माणूस होता. आत बसलेल्या जिवाला तपासायला कोण? तर एक जाळी!

ऑड्रा दुरुस्तीच्या जागेच्या कडेच्या बुटक्या भिंतीअलीकडे उभी होती. हेडफोनमध्ये ग्रेडीचा आवाज आला. "किती फेऱ्या राहिल्या?"

बर्लनं सांगितलं.

"बरं... किती फेऱ्या राहिल्या?"

बर्लनं पुन्हा सांगितलं, जरा वैतागून.

"बरं. बर्ल, किती फेऱ्या राहिल्या?"

आणि ऑड्राला त्याचा हात दिसला. खिडकीशी होता तो. जाळीचा खटका शोधत होता, ओढत होता, परत ओढत होता. केव्हाच पडलेली जाळी तो हात अजून पाडतच होता.

"बर्ल, त्याला बाहेर काढा!"

"कॉलेजवाली, तू सीट सांभाळ. माणूस मी सांभाळतो."

"त्याचं डोकं ठिकाणावर नाहीये! ऐकू येत नाही तुम्हाला?"

"जाळी खाली आहे ना? मग झालं तर!"

"शेंगा बऱ्या दिसतात तुम्हाला!" ऑड्रा कडाडली. आजूबाजूचे वळून बघू लागले. "टरफलं शोधायला बॅटरी घेऊन बसला होतात! माझ्या पोरीच्या शेंगांनी तुमचा थरकाप उडतो, आणि तुमच्यासमोर या माणसाला काही सुचेनासं झालंय, त्याची तुम्हाला भीती वाटत नाही? लाज वाटत नाही?"

बर्लनं पाठ फिरवली. "गाडी सोडा!" तो रेडिओवर ओरडला.

मोडकी गाडी दुरुस्त करताना भिंतीपलीकडे फक्त ठरलेली माणसं जाऊ शकतात. एक माणूस जास्त गेला की गाडी शर्यतीतून बाद. वर्कशॉपमधल्या पोराटोरांनाही हा नियम पाठ होता. ऑड्रालाही होता.

तिनं भिंतीवर हात टेकला आणि पलीकडे उडी मारली.

पंचानं हात वर केला – गाडी बाद. बर्लनं हेडफोन जमिनीवर आपटला आणि तिला जे काही म्हणाला, ते इथं लिहिण्यासारखं नाही. ऑड्रानं खिडकीतून आत हात घातला, तो खटका ओढणारा हात घट्ट धरला. 

ट्रॅकच्या दवाखान्यात ग्रेडी खाटेवर पडून तिच्याकडे धुमसत बघत होता. "माझं पुढचं वर्ष घालवलंस."

"घालवलं."

"मी जाळी पाडली होती, ऑड्रा!"

"केव्हा?"

  त्याच्या कपाळावर आठ्या आल्या. "मी... आदळलो, आणि..." तो छताकडे बघत राहिला. "मला आठवत नाही."

"हातानं पाडली ती. तू नव्हतासच तिथं." आतापर्यंत दाबून धरलेलं रडू रागासकट बाहेर आलं. "आणि म्हणे माझ्यासाठी पाडीन! नकोय मला तुझी जाळी! मला तू हवायस, मूर्खा!"

शेजारची नर्स उगीचच कपाट आवरू लागली.

पुढच्या वर्षी गाडी भाच्याला मिळाली. ऑड्रालाही बर्लनं काढून टाकलं. तिला दुसऱ्या टीमनं लगेच घेतलं, पण तिचा बर्लवरचा राग अजून गेलेला नाही, आणि जायचं काही कारणही नाही. ग्रेडीच्या मेंदूला मार बसला होता. उजेड सोसेना म्हणून तो आठवडेच्या आठवडे काळा चष्मा लावून ऑड्राच्या ओसरीवर बसायचा. ज्युनी त्याला पायरीवर बसून शेंगा सोलून द्यायची.

"कसा आहेस आज?" ऑड्रा विचारायची.

"एकदम मस्त!"

ती काही न बोलता त्याच्या हाताकडे बघायची. चहाचा कप थरथरत असायचा. ती कप काढून घ्यायची आणि शेजारी बसायची. भांडायची नाही. नुसती बसायची.

मग एका सकाळी तिनं विचारलं आणि त्यानं एक शेंग उचलली.  बोटं शेंगेच्या टरफलाशी चाळा करत होती.

"आज..." तो अडखळला. "आज बरं नाही वाटत, ऑड्रा. डोकं फुटतंय. आणि भीती वाटतेय."

ड्रायव्हर लोकांत असं कुणी कुणाला सांगत नाही. आईला सांगत नाहीत, बायकोला तर नाहीच. ऑड्राला पुष्कळ जणांनी पुष्कळ गोड गोड ऐकवलं होतं, पण इतकं जवळचं कुणी काही बोललं नव्हतं. तिनं त्याचा चष्मा हळूच वर सरकवला. उन्हानं मिचमिचणारे ते डोळे... तिनं त्यांच्यावर आपल्या तळव्याची सावली धरली, आणि त्या सावलीत त्याच्या ओठांवर ओठ टेकले.

"ईऽऽ," ज्युनी म्हणाली आणि शेंगा घेऊन आत पळाली.

आजही ज्युनीच्या खोलीत सकाळी खटका वाजतो. पण ऑड्रा हातातलं काम टाकून आत जाते, कपाळाला हात लावून बघते. येताना ग्रेडीच्याही लावते. तो चिडवतो, नाक फुगलंय म्हणतो. म्हणू दे.

आणि तुम्ही हे वाचताय ना? तुमच्याही माणसांत कुणीतरी असेल, परवा फोनवर घाईघाईनं "मी मजेत!" म्हणालेलं. जाळी पडलेली दिसली, आणि तुम्ही निर्धास्त होऊन फोन ठेवलात. ऑड्राचं तुम्हाला एवढंच सांगणं आहे – उठा. आत्ता जा. त्यांचा हात हातात घेऊन बघा.