दहा भागिले सहा

वल्लरीचं यान खाली यायलाच तयार नव्हतं.

यान म्हणजे काय, तर पडद्यावरचे तीन आकडे: उंची, वेग आणि उरलेलं इंधन. चित्र नाही, रंग नाही, आवाज नाही. 'किती इंधन जाळू?' एवढंच यंत्र विचारायचं. आपण आकडा लिहायचा, की नवे तीन आकडे उमटायचे. जास्त जाळलं तर यान वर उसळणार, कमी जाळलं तर खाली आपटून चक्काचूर.

"आजोबा जाळायचे तेवढंच इंधन मी जाळतेय, खारू," वल्लरी वैतागून म्हणाली. "त्यांचं यान अलगद उतरायचं. माझं मेलं हवेत तरंगतंय!"

"चंद्रावर हवा नाही," खारू म्हणाला.

खारू हा शशिग्रामचा दुरुस्ती यंत्रमानव. खारीसारखा नळ्यांवरून सरसर चढायचा, म्हणून मुलांनी त्याचं हे नाव ठेवलेलं. आणि शशिग्राम होतं चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ, जिथे वल्लरी आईबाबांबरोबर राहत होती. जवळच्या विवरांत कधीच ऊन पोचत नाही, त्यामुळे तिथे बर्फ टिकून राहतो. तो बर्फ भरून आणणारं 'हिमवाहक' यान तिचे बाबा चालवत. त्या बर्फाचंच पाणी सगळं गाव पीत असे.

बाबा उतरायचे असले, की वल्लरी घाबरून, जेवण अर्धवट टाकून खिडकीशी धावत असे. एवढं अवजड यान काळ्या आकाशातून येतं, त्याला पंख नाहीत, धरायला हवा नाही. मग ते पडत कसं नाही? एकदा तिने हे पृथ्वीवर, सांगलीत राहणाऱ्या आजोबांना पडद्यावरून बोलताना विचारलं. आजोबा अवकाशशास्त्रज्ञ होते. निवृत्त होऊन कैक वर्षं झाली होती, पण बुद्धी लखलखीत.

"अगं, पडतंच ते!" आजोबा म्हणाले. "पण हिशेबाने पडतं. भीती वाटते ना? मग हिशेब शीक. थांब, तुला माझा खेळ देतो."

कॉलेजात असताना त्यांनी तो लिहिला होता, बेसिकमध्ये (जुन्या काळची एक सोपी संगणकभाषा, म्हणजे यंत्राला कामं सांगायची भाषा). तेव्हाच्या त्या यंत्राला चित्रं काढता येत नव्हती. वीज गेली, की ते सगळंच विसरून जायचं, आणि सांगलीत वीज रोज जायची. त्यामुळे खेळायचं, तर रोज सगळा प्रोग्राम पुन्हा टाइप करायचा. असं करता करता आजोबांना तो पाढ्यांसारखा पाठ झाला. तिकडे पडद्यापलीकडे डोळे मिटून बसून त्यांनी तो ओळीमागून ओळ म्हणून दाखवला, आणि वल्लरी थक्क होऊन ऐकत राहिली. इतकी वर्षं एक यान त्यांच्या डोक्यात उतरत होतं!

पण शशिग्रामच्या यंत्रांना बेसिक येत नव्हती. त्यांना कळायची 'रेखा' नावाची नवी भाषा. म्हणून वल्लरीने खेळाचं पोर्टिंग करायला घेतलं (पोर्टिंग म्हणजे एका संगणकभाषेतला प्रोग्राम दुसऱ्या भाषेत असा उतरवणं, की तो तिथेही तसाच चालावा). एकेक ओळ तिने घोटून घोटून लिहिली. आणि आता हे यान अधांतरी लटकलेलं.

"सर्व ओळी तपासल्या," खारू म्हणाला. "एकही चूक नाही."

"मग उतरत का नाही?"

दुपारी बाबांचं यान उतरणार होतं. त्याआधी तिला हे समजून घ्यायचं होतं. तिने आजोबांना हाक मारली. पृथ्वीपर्यंत हाक जाऊन उत्तर परत यायला अडीच सेकंद लागतात. तेवढी वाट बघायची आता तिला सवय झाली होती.

"बोल, वल्लू," आजोबा पडद्यावर आले. "पण लवकर बोल. अजून जेवलो नाही मी. पोटात कावळे ओरडतायत."

खारूचा दिवा लाल झाला. "तातडीची सूचना! आजोबांच्या पोटात पक्षी आहेत. त्यांना ताबडतोब दवाखान्यात न्यावे!"

वल्लरीला हसू आवरेना. तिकडे आजोबाही अडीच सेकंदांनी खो खो हसू लागले. डोळे पुसत ते म्हणाले, "वल्लू, खारूने माझे शब्द ऐकण्यात चूक केली का गं?"

"नाही. शब्द अगदी बरोबर ऐकले."

"मग चुकलं काय?"

"अर्थ," वल्लरी म्हणाली.

"तुझ्या सगळ्या ओळी बरोबर आहेत ना?" आजोबांनी विचारलं. "मग एका भाषेतून दुसरीत जाताना शब्द पोचले असतील आणि अर्थ वाटेत सांडला असेल. आता तो कुठे सांडला, ते तूच शोध. यान कसं चुकतंय, ते नीट बघ."

वल्लरीने इंजिन बंद ठेवून यान नुसतं पडू दिलं आणि आकडे बघत बसली. मग टेबलावरचा चमचा उचलून हातातून सोडला. चमचा चंद्रावरच्या सावकाश चालीने खाली गेला. पुन्हा सोडला. पुन्हा आकडे पाहिले. नाही, चंद्रावर वस्तू सावकाश पडतात खऱ्या, पण इतक्या सावकाश नाही! वयाच्या चौथ्या वर्षापासून ती इथे वाढली होती. इथलं पडणं तिच्या अंगवळणी पडलेलं होतं.

"खारू, या खेळात चंद्राची ओढ कमी पडतेय. गुरुत्वाची ओळ वाच."

आजोबांची ती ओळ साधी होती. पृथ्वीवर पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला साधारण दहा मीटरने वाढतो. चंद्राची ओढ पृथ्वीच्या ओढीचा सहावा हिस्सा. म्हणून 'गुरुत्व' नावाच्या चलात (चल म्हणजे आकडा ठेवायची नाव दिलेली डबी) त्यांनी लिहिलं होतं, दहा भागिले सहा.

"आता त्या डबीत काय आहे, ते सांग."

"एक," खारू म्हणाला.

"एकच? दहा भागिले सहा म्हणजे दीडाहूनही जास्त!"

"रेखा भाषेचा नियम आहे. दोन पूर्ण संख्यांचा भागाकार केला, तर उत्तरही पूर्णच ठेवायचं. उरलेलं सोडून द्यायचं."

वल्लरी ताडकन उठली. चंद्रावर ताडकन उठलं, की डोकं छताला लागतं. तसं ते लागलंच, पण तिला त्याचं भान नव्हतं.

"आजोबा, सापडलं! दहा लाडू सहा जणांना वाटायचे. एकेक दिला, की चार उरले. बेसिक त्या चार लाडवांचे तुकडे करून सगळ्यांना सारखे वाटते. आणि ही रेखा डब्याला झाकण लावून मोकळी होते! ओळ तीच, पण दोन भाषांना तिचे दोन अर्थ कळले!"

अडीच सेकंदांनी आजोबांनी टाळीच वाजवली. "शाब्बास! आता तिला तुकडे करायला कसं सांगशील?"

खारूने उपाय सांगितला. आकड्यात दशांशचिन्ह असलं, तर रेखा भागाकारातलं काहीच टाकून देत नाही. वल्लरीने दहाच्या पुढे एक टिंब आणि एक शून्य लिहिलं. बस्स, एवढंच.

यान पडू लागलं. तिने आधी थोडं इंधन जाळलं, मग जास्त, मग अगदी चिमूटभर. उंची शून्यावर आली तेव्हा वेगही जवळजवळ शून्य होता. पडद्यावर अक्षरं उमटली: 'अलगद उतरलात. चंद्रावर स्वागत.'

वल्लरी त्या ओळीकडे बघत राहिली. ही ओळ लिहिली गेली तेव्हा इथे एकही घर नव्हतं. तरी सांगलीच्या एका मुलाने इथे येणाऱ्याचं स्वागत करून ठेवलं होतं.

दुपारी ती खारूला घेऊन यानं उतरायच्या धक्क्यावरच्या खिडकीशी गेली. वरच्या फलकावर आकडे धावत होते. उंची. वेग. इंधन. तेच तीन आकडे! हिमवाहक दगडासारखं खाली येत होतं. वल्लरी हिशेब करत पुटपुटली, "अजून नाही... अजून नाही... आता, बाबा!"

इंजिन पेटलं. खालची धूळ सरळ रेषांत चहूकडे उधळली. वेगाचा आकडा झरझर उतरला आणि यान जमिनीवर टेकलं. काळ्या आकाशातून येणारं ते अवजड यान आणि कागदावर मावेल एवढा तो खेळ एकच नियम पाळत होते. बाबा, आजोबा, चंद्र, चमचा, सगळेच. वल्लरीला वाटलं, कुणीतरी आपल्याला विश्वाचं एक गुपित हळूच कानात सांगितलं आहे.

बाबांना घट्ट मिठी मारून झाल्यावर तिने पुन्हा आजोबांना गाठलं. "सहाच्या जागी दुसरा आकडा लिहिला, तर दुसऱ्या जगात उतरता येईल?"

"बरोबर! सात लिही. शनीचा चंद्र आहे ना, टायटन, त्याची ओढ पृथ्वीच्या ओढीचा साधारण सातवा हिस्सा. पण जरा थांब. टायटनवर दाट हवा आहे. ती यानाला अडवणार. त्यासाठी नवी ओळ लागेल."

"सांगा ना, लिहून घेते."

आजोबा हसले. "ती मला पाठ नाही, वल्लू. ती अजून कुणी लिहिलेलीच नाही या खेळात."

वल्लरी खारूकडे वळली. मग म्हणाली, "खारू, हवा पडणाऱ्या वस्तूला नेमकी किती अडवते रे?"

आणि उत्तराची वाट बघता बघता तिने कळफलक जवळ ओढला.