दे इकडे तुझं दमणं

निघायच्या आदल्या दिवशी तिने सॅक हूकच्या वजनकाट्याला लटकवून पाहिली, दोन टी-शर्ट बाहेर काढले, पुन्हा लटकवली आणि मग काटाही आत टाकला. पलंगावर पडल्या पडल्या मावशी हे सगळं बघत होती.

"मापाडी, टी-शर्ट राहू देत. तो काटा काढ बाहेर, त्याचंच वजन जास्त आहे."

मापाडी हे नाव मावशीनेच पाडलेलं. दूध, सावली, स्वतःची उंची, काय वाटेल ते ही मुलगी मोजत सुटायची. पुढे ती भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झाली तेव्हा मावशी म्हणाली होती, "झालं! आता सरकारी शिक्काच बसला." नोकरीवर रुजू व्हायच्या आधी महिनाभर परदेशात एकटीने भटकायचं, पाठीवर सॅक आणि जमेल तितकं पायी, असं तिने ठरवलं होतं.

तिकिटं काढून झाली आणि मावशी न्हाणीघरात घसरली. डाव्या खुब्याचं हाड मोडलं. आत सळई आणि स्क्रू बसवले. हाड जुळेपर्यंत त्या पायावर जराही भार नको, डॉक्टर म्हणाले, नाहीतर सगळं पुन्हा उघडावं लागेल आणि या वयात ते झेपेलच असं नाही. मापाडीने तिकीट रद्द करायचं काढलं तेव्हा मावशी उखडली.

"माझं हाड काय तुझ्या तिकिटाने जोडलं जाणार आहे? जा तू. मी जन्मभर पाय चालवले ते शिलाई मशीनखाली. तसूभर पुढे गेले नाही कुठे."

आईची नोकरी दिवसभराची, त्यामुळे मापाडीला शाळेतून आणायचं काम मावशीचं असे. वाटेत पोरगी पाय ओढायला लागली की मावशी थांबायची, तळहात पुढे करायची. "दे इकडे तुझं दमणं." पोरगी रिकामी मूठ तिच्या हातावर उघडायची. मावशी ती मूठभर हवा कमरेला खोचायची आणि पोरगी टुणटुण उड्या मारत पुढे पळायची.

निघताना मावशीने पलंगावरून तसाच हात पुढे केला.

"सगळं दे. विमानात जादा वजनाचे पैसे घेतात म्हणे."

मापाडीने हसत मूठ उघडली. मावशीने कमरेला हात लावला.

पहिलं शहर डोंगराच्या उतारावर वसलेलं. गल्ल्या कसल्या, नुसत्या पायऱ्याच. दारांसमोरून, खिडक्यांखालून, कुणाच्या वाळत घातलेल्या चादरींमधून वर चढत जाणाऱ्या. मापाडी सकाळी सॅक पाठीला लावून निघायची ती दिवस मावळेपर्यंत चालायची. संध्याकाळी हॉस्टेलच्या खोलीत बाकीचे प्रवासी कण्हत बसलेले असायचे. खालच्या पलंगावर सुट्टीवर आलेली एक नर्स होती, तिने बादलीत पाय सोडले होते. तिने मापाडीचे तळवे पाहिले आणि हसली.

"खरं सांग, बसने फिरतेस ना? आणि आम्हाला चालल्याच्या थापा मारतेस."

तळवे मऊ होते, आताच आंघोळ करून आल्यासारखे. थंड हवा, चांगले बूट, नव्या जागेचा उत्साह. मापाडीने मनात तीन कारणं मांडली आणि तिन्ही तिला पटली.

आईचा फोन आला. "तुझ्या मावशीच्या पोटऱ्यांना गोळे येतायत गं. दिवसभर विव्हळते."

"पडून राहिल्यावर येतात. पाणी जास्त दे तिला."

दुसऱ्या शहरातले रस्ते गोल दगडांचे होते, घासून गुळगुळीत झालेले. नदीवर लाकडी पूल होता. तिथे तिसऱ्या दिवशी आई म्हणाली, "आता टाचेला फोड आलाय. नवी चप्पल चावल्यावर येतो ना, तसा. पलंगावर पडलेल्या बाईला चप्पल कुठून चावणार?"

"टाच गादीवर दाबली जाते. खाली मऊ उशी दे."

फोन ठेवल्यावर मात्र तिने बूट उलटे करून पाहिले. रबरावरची नक्षी दुकानात होती तितकीच धारदार होती. इतके दिवस चालून.

दुसऱ्या दिवशी कुणालाही न सांगता तिने डाव्या बुटात एक तिकोनी खडा टाकला. टाचेखाली नाही. तळव्याच्या खोलगट भागाखाली, जिथे गादीचा दाब पोचत नाही. दिवसभर चालली. खडा आहे हे तिला कळत होतं, पण रुतत नव्हता.

संध्याकाळी तिने आईला फोनचा कॅमेरा मावशीच्या पायांकडे फिरवायला लावला.

"काय बघायचंय त्यात? अगं बाई! हे कधी झालं?"

डाव्या तळव्याच्या खोलगटात लालभडक खळगा होता. तिकोनी.

मापाडीने तो खडा खिडकीतून भिरकावून दिला. मग खाली जाऊन शोधून आणला आणि खिशात ठेवला. पुढचा दिवस ती खोलीतच बसून राहिली. त्या दिवशी मावशी शांत झोपली, असं आईने आपणहून सांगितलं.

त्यानंतर एक्स-रे झाला. एक स्क्रू किंचित सरकला होता.

"डॉक्टर मला ओरडले," आई रडत होती. "म्हणे कुणी चालवलं यांना? अगं, तिने जमिनीला पाय लावलेला नाही. पुन्हा असं झालं तर पाय कायमचा जाईल म्हणाले."

"मावशीला दे फोन. आणि तू जरा बाहेर जा."

दार लोटल्याचा आवाज आला.

"मावशी, तुला ठाऊक होतं?"

"दिसत काही नाही गं. पायांना कळतं तेवढंच. आधी पायऱ्याच पायऱ्या. मग ते गोल गोल दगड. परवा पूल होता ना लाकडी? मधली एक फळी हलत होती."

हलत होती. मापाडीने ते कुणाला सांगितलं नव्हतं.

"बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तू थांबली असतीस." मग आवाज एकदम लहान मुलीसारखा झाला. "मापाडी, वाळू कधी येणार गं?"

पुढचं शहर समुद्रकाठी होतं. तिथून पुढचं सगळं तिने रद्द केलं. स्टेशनापर्यंत टॅक्सी, मग आगगाडी, मग पुन्हा टॅक्सी. जिथे उतरावंच लागलं तिथे ती उजव्या पायावर लंगडी घालत गेली. किनाऱ्यावर खुर्च्या भाड्याने देणारा माणूस तिच्याकडे बघतच राहिला.

"पाय मोडलाय का?"

"हो," ती म्हणाली.

त्याने पाण्याच्या अगदी कडेला खुर्ची लावून दिली. मापाडीने बूट-मोजे काढले, फोन कानाला लावला आणि दोन्ही पाय अलगद वाळूवर टेकवले. नुसते टेकवले. भार सगळा खुर्चीवर.

लाट आली.

"अगं बाई, गार आहे!" मावशी खिदळायला लागली. तिला असं हसताना मापाडीने कधी ऐकलं नव्हतं. "पायाखालून सरकतंय बघ सगळं! थांब, उठू नकोस. अजून एक येऊ दे."

मागून आईचा आवाज आला. "चादर ओली कशी झाली गं?"

परतताना विमानतळावर मापाडीने चाकाची खुर्ची मागितली. ढकलणारा खुर्ची घेऊन आला आणि इकडेतिकडे बघायला लागला.

"पेशंट कुठे आहे?"

"घरी," म्हणत ती बसली.

घरी आल्यावरही ती लागेल तेवढंच चालायची. नंतरच्या एक्स-रेमध्ये हाड जुळलेलं दिसलं. आता उभं राहायचं, डॉक्टर म्हणाले. आता नाही चाललात तर मग पलंग सुटणार नाही.

व्यायाम शिकवणाऱ्या बाई आल्या, वॉकर पुढे ठेवला. मावशीने डावा पाय टेकवला आणि पांढरीफटक पडून खाली बसली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी तिने पायच खाली सोडले नाहीत.

"नको गं. फार फिरले मी. पुरे झालं."

मापाडी पलंगाशेजारी खुर्ची ओढून बसली. तळहात पुढे केला.

"दे इकडे तुझं दमणं."

"चल हट्! मोठी आली."

"दे."

बाई वॉकर धरून ताटकळल्या होत्या. शेवटी मावशीने कमरेशी हात नेला, काहीतरी सोडवल्यासारखं केलं आणि मूठ मापाडीच्या हातावर धरली.

"सगळं देऊ?"

"सगळं."

मूठ उघडली. हात रिकामा होता.

मावशी उठली. वॉकर पुढे सरकवला, पाऊल टाकलं. दुसरं टाकलं. दारापर्यंत गेली.

"दुखतंय का?" बाईंनी विचारलं.

"अजिबात नाही!" मावशी थेट स्वयंपाकघरात पोचली. आईच्या हातातून पातेलं पडल्याचा आवाज आला, मग दोघींच्या हसण्याचा.

मापाडी खुर्चीतच होती. डाव्या खुब्यात, अगदी आत खोल, काहीतरी गार धातूचं होतं. मावशीच्या दर पावलागणिक ते एक आटा आवळलं जात होतं.

मावशी दारात आली. तिचे गाल लाल झाले होते.

"मापाडी, अजून एक फेरी मारू?"

मापाडीने दोन्ही हातांनी खुर्चीचे हात घट्ट धरले आणि हसली.

"मार की."