विसाव्या माणसाशी बोलायचं नाही

धाड! धाड! धाड!

आत प्रयोगशाळेत तारांची टोपी घालून एक आजोबा बसलेले आणि बाहेर कुणीतरी लिफ्ट बडवतंय! माझं डोकंच फिरलं. तरातरा बाहेर आले. लिफ्टच्या उघड्या दारात एक उंच मुलगा पाना घेऊन बसला होता. नाकाला ग्रीस, डोळ्यांत हसू. मी ओठांवर बोट ठेवलं, कानाकडे बोट दाखवलं, शेवटी हात जोडले.

त्याने पाना खाली ठेवला आणि हातवारे करत अगदी हळुवार विचारलं – तुम्हाला... बोलता येत नाही का?

अगं बाई! घरात मला सगळे ‘रेडिओ’ म्हणतात, आणि हा मला मुकी समजला!

पण बोलायची सोयच नव्हती. परका आवाज मेंदूला ओळखीचा व्हायला किती दिवस लागतात, हे आम्ही शोधत होतो. टोपी घातलेल्या माणसाला बंद खोलीत रोज दहा मिनिटं एकच आवाज ऐकवायचा; ओळख पटली की पडद्यावरची लाट बदलते. तो आवाज माझा, साधीसुधी वाक्यं वाचून आधीच मुद्रित केलेला. बाहेर कुठे तो कानावर पडला, तर दिवसांचा हिशेबच चुकणार. म्हणून त्या मजल्यावर मी माझ्या मार्गदर्शक मॅडम सोडून कुणासमोरही तोंड उघडायचं नाही, हा त्यांचा कडक नियम. माणसं वीस हवी होती, मिळाली होती एकोणीस. पुढच्या महिन्यात प्रबंध दिला नाही, तर थेट सहा महिन्यांनी संधी.

मॅडमनी लिफ्टवाल्याला हे सगळं समजावलं आणि विचारलं, “होता का विसावे?”

“म्हणजे पंधरा दिवस यांचा आवाज ऐकायचा, पण या माझ्याशी बोलणार नाहीत?” त्याने माझ्याकडे पाहिलं. “भांडणारही नाहीत ना? मग चालेल!”

रोज दहा मिनिटं टोपी, आणि नंतर कॅन्टीनमध्ये चहा. तो बोलायचा, मी चिठ्ठ्या लिहायचे.

“‘टेबलावर चार पेले आहेत’ हे इतकं रडवेलं का म्हणता हो? पाचवा फुटला का?”

‘सर्दी झाली होती,’ मी लिहिलं.

“आणि आता?”

‘आता बरी आहे.’

“मग हसा की. हसायला बंदी नाही, मी मॅडमना विचारून आलोय.”

असा आगाऊ! एकदा त्याच्या कानामागे राहिलेला टोपीचा चिकट जेल पुसायला गेले, तर तो बोलायचाच थांबला. मीही हात काढायला जरा उशीरच केला...

चौथ्या दिवशी मॅडम पडद्यासमोर वाकल्या. “इतरांना आठ-नऊ दिवस लागले. याला इतक्या लवकर कसा ओळखीचा झाला तुझा आवाज?”

“असतात काही हुशार,” मी म्हटलं. माझे कान नुसते तापले होते.

चौदाव्या दिवशी बाहेर पाऊस भुरभुरत होता. मी दोन्ही हातांत टोप्यांचं घमेलं घेऊन जिन्यात उभी होते. तो आला. आज हसू नव्हतं.

“इथली लिफ्ट झाली. साहेब दूरच्या गावी पाठवतायत, दोन वर्षांसाठी. आत्ता फोन करून हो-नाही सांगायचंय.” तो जरा घुटमळला. “तुम्ही थांब म्हणालात तर... जाऊ दे. मी पण काय! तुम्ही कशाला म्हणाल?”

आणि वळलाच की! पायऱ्या उतरत फोन कानाला लावला. माझे हात अडकलेले, त्याची पाठ माझ्याकडे.

“हां साहेब, ते जायचं म्हणत होतात ना, तर मी –”

“नाही म्हणा!”

घमेलं खाली, टोप्या गडगडत तळमजल्यावर. तो वळला. फोनमधून साहेब विचारत होते, “कोण ओरडलं रे?”

“साहेब, नाही म्हणतोय मी. नंतर बोलतो.” फोन खिशात गेला आणि त्याचा चेहरा पडला. “अहो, तुमचा प्रयोग!... कुणी ऐकलं नाही. उद्या गपचूप टोपी घालतो, संपलं.”

मोह झाला, खोटं कशाला सांगू? दोन वर्षांची मेहनत होती. पण उद्याची लाट खोटी निघाली असती, आणि ती मीच छापली असती. मी मॅडमकडे गेले.

“किती बोललीस?”

“दोन शब्द.”

“किती मोठ्याने?”

“तळमजल्यापर्यंत.”

मॅडमनी चष्मा काढला, विसाव्या नावावर लाल रेघ मारली. “सहा महिने गेले तुझे. नवा माणूस शोध. रद्द करण्याचं कारण लिही.”

मी लिहिलं – ‘संशोधिकेला राहवलं नाही.’ मॅडमनी वाचलं, हसू दाबलं आणि खाली सही केली.

तो जिन्यात टोप्या गोळा करत बसला होता. “किती नुकसान झालं?”

“सहा महिने,” मी शेजारी बसले. “आणि आता ऐका. तुम्ही मला आवडता. खूप. तुम्ही नुसतं कोपऱ्यावर दिसलात तरी चिठ्ठीवरचं अक्षर बिघडतं माझं. आणि तुम्ही लिफ्ट बडवता तेव्हा डोकं उठतं, तेही सांगून टाकते.”

तो बघतच राहिला. “अजून?”

“अजून पुष्कळ आहे. पंधरा दिवसांचं साठलंय.”

त्याने टोप्या बाजूला ठेवल्या, माझा हात हातात घेतला आणि भिंतीला टेकून नीट बसला.

“बोला,” तो म्हणाला.