खंडेनवमीचा ऊद

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही बघा. ज्याच्यावर हे बेतलं तो श्रीपती माझा मावसभाऊ आहे, आणि तो थापा मारणारा माणूस नाही.

आणि रात्रीबित्रीची वाट बघू नका. हे झालं दोहात, भर दुपारी.

श्रीपती गिलाव्याचा मिस्त्री. तिथल्या नजमा भागात, मागच्या गल्लीत एक जुनं घर दुरुस्त करायचं काम त्यांच्या कंपनीला मिळालेलं. आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या, मोती काढायच्या जहाजांवर राबवलेल्या माणसांच्या लेकरानातवंडांचं ते घर. तिथे ती जमायची, गायची, नाचायची. आजारी माणसाला मधे बसवून वाजवून-गाऊन बरं करायची. आता तिथे कलाकेंद्र होणार होतं, पोरांना तीच गाणी शिकवायला. चांगलंच काम की.

सोबत होता बालाजी, श्रीपतीच्या धाकट्या बहिणीचा, बबीताचा नवरा. त्याला कतारला श्रीपतीनंच नेलेलं. निघताना बबीता म्हणाली होती, "दादा, यांना नेतोयस तसं परत आण."

त्या दिवशी खंडेनवमी होती. हत्यारांची पूजा. आपल्याकडे त्या दिवशी थापी हातात धरत नाहीत, पण हे फोरमनला कोण समजावणार? जेवणाच्या सुट्टीत दोघांनी मोठ्या खोलीत थापी, गुरमाळा, ओळंबा मांडला. हळदकुंकू वाहिलं, तांदूळ वाहिले. ऊद होता, निखारा होता... धुपाटणं नव्हतं.

कोनाड्यात एक मातीचं होतं. जुनं, काळं पडलेलं.

"हे घेऊ का?" बालाजीनं विचारलं.

"घ्या की दाजी. धूपच तर घालायचाय."

इथेच चुकलं.

श्रीपतीनं निखाऱ्यावर ऊद टाकला. धूर वर चढला... आणि बाहेरचा जनरेटर ऐकू येईना. बंद पडला म्हणावं, तर दारातून थरथरताना दिसत होता. नुसता आवाज गेला होता.

मग... खळ्ळ.

बकरीची वाळलेली खुरं एकमेकांवर आपटावीत तसा आवाज.

पुन्हा... खळ्ळ. भिंतीच्या कडेकडेनं, गोल. फरशीतून पावलांचा ठेका कळत होता.

खोलीत तिसरं कुणी नव्हतं.

"दाजी, चला बाहेर."

बालाजी मधोमध मांडी घालून बसला होता. डोळे उघडे. डावीकडे... उजवीकडे... डुलत होता. श्रीपतीनं काखेत हात घालून ओढलं. एरवी बालाजी काटकुळा, पण जागचा हलला नाही. अंग गार पडलेलं.

श्रीपतीनं पुन्हा जोर लावला. बहिणीला काय तोंड दाखवू, एवढंच डोक्यात.

दारात अम्मार येऊन थांबला. घराचा म्हातारा राखणदार. त्याची आजी याच खोलीत गायची. तो मात्र आत पाऊल टाकीना.

"बखूर... ये धूप किसने जलाया?"

"मैंने. पूजा के लिए."

"यहाँ बखूर मतलब बुलावा!" म्हातारा उंबऱ्याबाहेरूनच ओरडला. "यहाँ का पुराना लोग आ गया. जो बीच में बैठा, उसको मरीज समझेगा. जिसने बुलाया, वोही वापस भेजेगा. यल्ला, जल्दी भेजो!"

"कैसे?"

"जैसे तुम्हारे घर में भेजता है."

श्रीपतीला एकच रीत ठाऊक. ताटलीतले तांदूळ उचलून चारी बाजूंना टाकले. हात जोडले. पूजा उठवताना वडील म्हणायचे तेच तोंडातून निघालं.

"सेवा गोड मानून घ्या. पुन्हा यावं."

खळखळ थांबली. जनरेटर धडधडू लागला. बालाजी घामानं निथळत विचारतोय, "काय झालं?"

श्रीपती रडलाच.

"क्या बोला उनको?" अम्मारनं विचारलं.

श्रीपतीनं हिंदीत सांगितलं. म्हातारा दारातून मागे सरला.

"तुमने... दावत दिया?"

पुढच्याच महिन्यात श्रीपतीनं बालाजीला गावी धाडलं. खलास, विषय संपला म्हणाला. कलाकेंद्र सुरू झालं. मधे अम्मारही वारला.

मग गेल्या वर्षीची खंडेनवमी आली. श्रीपतीनं पूजा केलीच नाही. सुट्टी टाकून बरवा अल बराहा या कामगार वस्तीतल्या खोलीवर पडून होता. दुपारी बबीताचा फोन आला.

"दादा, हे सकाळपासून मधल्या खोलीत बसलेत. नुसते डुलायलेत. अंग गार लागतंय... मला भ्या वाटायलंय रे."

"ऊद लावला होता?"

"नाही. काहीच नाही लावलं."

"फोन स्पीकरवर टाक. चारी बाजूंना तांदूळ टाक."

या वेळी चुकायचं नाही, असं त्यानं ठरवलं. हात जोडले आणि सणाच्या दिवशी आपल्यात कुणी म्हणत नाही ते म्हणाला.

"जा आता. पुन्हा येऊ नका."



"उठले दादा... उठले!" बबीता हसत होती, रडत होती. मग थांबली. "दादा... दाराकडं निघालेत. अहो... अहो, थांबा ना! दादा, माझ्यानं धरवत नाहीत हे..."

भर उन्हात बालाजी अनवाणी गावाबाहेर गेला. लोक मागे धावले. ओढ्यापलीकडे तो दिसेनासा झाला. विहिरी पाहिल्या, पोलिसांत कळवलं. अजून पत्ता नाही.

श्रीपती दोहातच आहे. गावी यायचं नाव काढत नाही. मला मात्र फोन करतो, आणि एकच विचारतो.

"पुन्हा या म्हणालो असतो... तर घरात बसलेला तरी राहिला असता ना रे?"