गीत : पारंपरिक

माझं गाणं मी पहिल्यांदा स्पीकरवर ऐकलं ते कोलशेतला, जागृतीच्या हळदीत, हातात मटणाची प्लेट घेऊन. 

'हलद लागली गो, खारीला कललं,
नवऱ्याचं होरकं दारान वललं...'

हळद लागल्याचं खाडीला कळतं आणि नवऱ्याचं होडकं दारात वळतं, असं ते आगरी गाणं. अख्खा मांडव नाचत होता. जागृती, माझी मैत्रीण, पिवळीधमक होऊन खुर्चीत बसल्या बसल्या हलत होती. आणि मी दगड. हे गाणं मी लिहिलेलं, कळव्याच्या आमच्या खोलीत, कुकरच्या शिट्ट्या ऐकत. डोंबिवलीच्या एका स्टुडिओत देऊन आलेले. मालक 'कळवतो' म्हणालेला. हे असं कळवतात?

तरी मी थांबले, शेवटच्या कडव्यासाठी. माझे बाबा, महिपत कांबळे, भीमजयंतीची गाणी लिहायचे आणि प्रत्येक गाण्याच्या शेवटच्या कडव्यात आपलं नाव गुंफायचे. लिहिणाऱ्याची सही ती. मीही गुंफलेलं... 'कलव्याची योगिनी गाना लिवते, नवरीच्या गालाला हलद लावते.'

ते कडवं आलंच नाही. गाणं संपलं. शिट्ट्या, टाळ्या.

प्लेट ठेवली आणि सरळ स्टेजवर चढले. कीबोर्डवाल्याला विचारलं, गाणं कोणाचं? त्याने मोबाइल पुढे धरला. लाखो लोकांनी बघितलेला व्हिडिओ, आणि खाली लिहिलेलं, गीत : पारंपरिक.

"मी जिवंत आहे," मी म्हटलं. "पारंपरिक कधी झाले?"

त्याच्या कपाळाला कोणीतरी हळद फासलेली, आणि तिच्यातून घामाचा एक ओघळ सरळ भुवईपर्यंत आलेला. एवढ्या रागातही मला तो ओघळ दिसला, याचा वेगळा राग आला.

"शेवटचं कडवं कुठाय?"

"ते..." त्याने कीबोर्डवरचे हात काढून घेतले. "ते मी कापलं."

असं तोंडावर कबूल करणारा माणूस मी बघितलेला नव्हता. 

मग त्याने सांगितलं ते ऐकून तर मी स्टेजच्या कडेलाच बसले. तो त्याच डोंबिवलीच्या स्टुडिओत कामाला होता. मला गाता येत नाही. म्हणून स्टुडिओत देताना ते शेजारच्या जाईबाईकडून गाऊन, मोबाइलवर रेकॉर्ड करून दिलेलं. जाईबाई धवलारीण, आगऱ्यांच्या लग्नांत धवले गात म्हातारी झालेली. तिचा तो घोगरा आवाज ऐकून हा समजला की गाणं आजी-पणजीच्या काळातलं, आणि योगिनी म्हणजे कधीच वारलेली कोणी बाई. म्युझिक कंपनीला गाणं आखूड हवं होतं. वारलेल्या बाईचं कडवं गेलं. मालकाला खरं माहीत होतं, पण त्याला गप्प राहणं सोयीचं होतं.

"खरंच जुनं वाटलं गं," तो म्हणाला. "माझ्या आजीने गायलेलं असावं, इतकं."

याला थोबडवायचं की याचे आभार मानायचे... मला कळेना. आजवर माझ्या लिहिण्याबद्दल कोणी एवढं चांगलं बोललं नव्हतं, आणि जो बोलला त्यानेच मला मारलेलं.

त्याचं नाव सिद्धेश. कोलशेतचाच, आगरी.

पुढच्या हळदीपासून त्याने गाणं पूर्ण वाजवायला सुरुवात केली. शेवटचं कडवं आलं की मला फोन लावायचा आणि मोबाइल स्पीकरपुढे धरायचा. मी म्हणायचे, ऐकू नाही आलं, परत घे. तो खरंच परत घ्यायचा. मालकाशी भांडून त्याने स्टुडिओ सोडला, तेव्हा मी पुन्हा हादरले. पुरुष सॉरी म्हणतात तेवढंच मला माहीत होतं, पदरचं काही सोडतात हे नव्हतं. पूर्ण गाणं आम्ही दोघांनी नव्याने रेकॉर्ड केलं. गीत : योगिनी महिपत कांबळे.

मग कामं येऊ लागली. हळदीच्या घरांना आपल्या माणसांची नावं घातलेली गाणी हवी असतात. आईचं, आत्याचं, करवलीचं नाव गाण्यात आलं की बायका रडतात आणि नाचतात, एकदमच. दवाखान्यातली रिसेप्शनची नोकरी मी सोडली. आई बोलायची थांबली, आणि गणेशपाड्याच्या एका हळदीत तिने माझं नाव ऐकलं तेव्हा पुन्हा बोलायला लागली.

ठाण्याला तलावपाळीच्या कट्ट्यावर आम्ही चाली बसवायचो. तो मला 'पारंपरिक' म्हणायचा. मी त्याला 'कात्री'. त्याने एकदा माझ्या केसांत अडकलेलं पान काढलं आणि... परत ठेवलं. म्हणाला, तिथेच बरं दिसतंय. त्या दिवशी मला एकही ओळ सुचली नाही.

आणि काल, त्याच कट्ट्यावर, मान खाली घालून म्हणाला, "एक ऑर्डर आहे. हळदीचं गाणं. नवरा मुलगा... मी."

तळ्यातलं कारंजं चालू होतं, बहुतेक. मला ऐकू येत नव्हतं. पण धंदा तो धंदा. पेन काढलं. नावं विचारली. आई केशरबाई. आत्या गोदा. करवली मेघना. मी कडवी पाडत गेले, एकेक ओळ दाताखाली चावत. सगळं झालं, एकच नाव राहिलं.

"नवरीचं?"

"ते असतंच की तुझ्या गाण्यात," तो म्हणाला. "शेवटच्या कडव्यात."

मी पेन खाली ठेवलं. मग उचललं. मग कशासाठी उचललं ते विसरले.

"आपली जात वेगळी," मी म्हटलं. "कोलशेतला, तुझ्या घरी माहितीये?"

"आईला सांगितलंय. चार दिवस जेवली नाही. पाचव्या दिवशी तुझं गाणं गुणगुणत पोळ्या लाटत होती. बाकीच्यांचं बाकीचे बघतील."

"मी नाव बदलणार नाही, सिद्धेश. लग्नानंतर पण नाही. ते मी एकदा गमावून परत आणलंय."

त्याने वर बघितलं. डोळे ओले होते मेल्याचे.

"बदललंस तर चालीत कुठे बसणार?"

मी शेवटचं कडवं लिहिलं आणि कागद त्याच्या हातात दिला.

"हे कापलंस ना, कात्री..."

"नाही गं," तो म्हणाला, आणि पहिल्यांदा, कीबोर्ड नसताना, माझं कडवं स्वतःच्या आवाजात गायला.