मडक्यातला खैर

खैर हे झाड. आमच्याकडच्या उर्दूत खैर म्हणजे सुखरूप, भलं.

मुरुम गावच्या पाहुण्यांना मुलगी पसंत पडली.

मडक्याचं तोंड शेणानं लिंपलं, की आखितीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, उघडायचं नाही.

माझी शेळी सरकारी बी खाते.

— यातलं शेवटचं आधी घडलं. पौषातली धुरकट सकाळ. रामलिंगच्या डोंगरावर एक तरुण ओरडत होता, "अहो, आवरा तिला! तीन दिवस वेचलेल्या शेंगा आहेत!"

"खाऊ द्या की. उद्या लेंड्यांतून परत देईल."

तो हसला. पण थोडंच. कोळशाच्या भट्ट्यांनी डोंगर बोडका केला होता, खैराची अकराच झाडं उरली होती. तुळजापूरचा हा मार्तंड जंगलखात्यात नवा लागला होता. त्या अकरांचं बी राखायचं आणि डोंगर पुन्हा उगवायचा, एवढंच त्याच्या डोक्यात.

मीही बायकांबरोबर शेंगा वेचायला जाऊ लागले.

"खैर हाय का, साहेब?"

"अकरा आहेत, द्वारकाबाई!"

रोज हेच. तरी रोज माझे कान तापायचे...

"बी बाटलीत ठेवायचं, दर महिन्याला उघडून तपासायचं," तो म्हणाला.

"उघडलं की कीड शिरती. आमी राखंत ठेवतो. आखितीशिवाय हात लावत न्हाय."

"तुला राहवेल?"

तुला — पहिल्यांदा.

"लावा पैज!"

अर्धं बी त्याच्या बाटल्यांत, अर्धं माझ्या मडक्यात. "राख तू आण," तो म्हणाला, "कडुलिंबाचा पाला मी टाकतो." मी चुलीकडं वळले. परत आले तेव्हा तो मडक्यावर वाकलेला, आणि उगाचच लाजलेला.

चैत्रात त्याची किनवटला बदली झाली. एसटीच्या थांब्यावर आभाळ दाटलं होतं. बायका जरा लांब उभ्या होत्या.

"मडकं... उघडलंस का?"

मला वाटलं, पैजेचं विचारतोय. म्हटलं, जरा घाबरवावं.

"उघडलं की! काय न्हाय त्यात. निस्ता भुसा."

त्याचा चेहरा उतरला. मला गंमत वाटली.

"जिंकलात की, साहेब!"

त्यानं पिशवी उचलली. खिडकीतून हात केला नाही. धूळ बसेपर्यंत मी तिथंच हसत उभी होते... मग हसू कुठं ठेवावं कळेना.

माझ्या वडलांनी, तात्यांनी, मुरुमला होकार कळवला. मी नाही म्हणायचं, तर कुणासाठी?

आखितीच्या सकाळी अंगणात मांडव होता. दुसऱ्या दिवशी लग्न. हळदीच्या हातांनी मी मडकं फोडलं. राख. वाळका पाला. पाल्यात कागदाची घडी.

"द्वारका, तुला राहवणार नाही, महिन्याभरात उघडशीलच. तात्यांना विचारायला येऊ का?"

बाहेरून तात्यांचा आवाज आला, "पोरी, किती येळ?"

"आले," मी म्हणाले. आणि गेले.

त्याच्या बाटल्यांतलं बी किडीनं पोखरलं. माझं शंभरातलं एक्क्याण्णव उगवलं. पैज मी जिंकले.

मडकं लिंपलं त्या दिवशी शेण कालवायला पाणी मार्तंडनंच ओतलं होतं.